दोन ओळींची जागा

शब्दकोशाच्या कार्यालयात ती वयानं सगळ्यात लहान, म्हणून तिला धाकटी म्हणायला लागले. आता ती चौतिशीची झाली होती, भांगाशेजारी पांढरे केस डोकावत होते, तरी नाव काही मोठं व्हायला तयार नव्हतं. कारण तिच्यानंतर तिथं नवीन कुणी आलंच नाही. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे आपल्या भाषेतले सगळे अर्थ लावायचे आणि प्रत्येक अर्थाखाली आपल्या भाषेतलं एक वाक्य उदाहरण म्हणून द्यायचं, असल्या कामाला येतंय कोण? पगार बेताचा, आणि कुणी विचारलं 'काय करता?' तर उत्तर संपायच्या आत समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो.

कार्यालय म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत कार्डांचे खण, दुसरीत माणसं आणि तिसरीत संपादक. संपादकांना सगळे काका म्हणत. संगणक होता, पण काकांचा जीव कार्डांत अडकलेला. शब्द आधी कार्डावर उतरायचा, मगच पुढे जायचा. दुसरी त्यांची पद्धत अशी की ज्याच्या वाट्याला जो खण येईल, त्यातले सगळे शब्द त्यानंच करायचे. अवघड आला म्हणून शेजाऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही. आणि एकदा आलेला शब्द गाळायचा तर मुळीच नाही. मागं एक मुख्याध्यापक तणतणत आले होते, कोशातल्या शिव्या काढा म्हणून. काकांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि एकेका शिवीचा अर्थ इतका सविस्तर समजावून सांगितला, की ते गृहस्थ अर्धा चहा टाकून उठले.

धाकटीच्या वाट्याला आलेल्या खणात 'स्टिल' हा शब्द होता. तेव्हा तिला सातवा महिना होता आणि टेबलाच्या कडेला पोट टेकवून ती कार्डं लिहायची. शब्द दिसायला एवढासा, पण उलगडायला घेतला की संपायचं नाव नाही. अजून, म्हणजे 'तो अजून झोपलाय' मधला. तरीही, म्हणजे 'नको म्हटलं होतं, तरीही गेली' मधला. आणखी, म्हणजे 'आणखी वाईट' मधला. न हलणारा. वारा पडल्यावरची संध्याकाळ. बुडबुडे नसलेलं पाणी. सिनेमातलं एक थांबलेलं चित्र. रडणाऱ्याला गप्प करणं. शिवाय दारू गाळायची भट्टी, ती कुठल्या नात्यानं ह्या घरात येऊन राहिली होती कोण जाणे, पण काकांच्या नियमानं तिलाही बाहेर काढता येत नव्हतं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी आली की ती त्याला दिवसभराचे शब्द सांगायची. 'स्टिल' ऐकल्यावर तो म्हणाला, "म्हणजे भांड्यांचं?" तिनं समजावून सांगितलं, तेव्हा हात धुता धुता त्यानं उदाहरणं पुरवायला सुरुवात केली. लिफ्ट बंद पडलीये असं बोर्डावर लिहिलंय, तरीही माणूस बटण दाबतोच. बाई सातव्या मजल्यावर पोचल्या, नवरा अजून खालीच. त्याची दोन वाक्यं तिनं खरोखर कार्डावर चढवली. काकांनी ती मान्य केली, तेव्हा नवरा आठवडाभर स्वतःला कोशकार म्हणवून घेत हिंडत होता.

त्याच खणात 'स्टिल' ला चिकटून एक जोडशब्द होता, 'स्टिलबॉर्न'. मृत जन्मलेलं. तिनं त्याचंही कार्ड केलं. उदाहरण लिहिलं: 'बाळ मृत जन्मले.' मनात पाल वगैरे काही चुकचुकली नाही. कार्ड खणात टाकलं, बिस्किट खाल्लं आणि पुढचा शब्द घेतला.

मुलगी नववा महिना लागल्यावर पोटातच गेली. जन्माला येण्याआधी एक दिवस, किंवा त्याहून थोडा अधिक वेळ आधी, नक्की कुणालाच सांगता आलं नाही. दवाखान्यात धाकटीला गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तेव्हा खोली आवरलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "बघू नकोस गं. बघितलंस तर आयुष्यभर डोळ्यांसमोरून जाणार नाही." डॉक्टरांनी मान डोलावली. मुलगी होती हेसुद्धा तिला एका नर्सच्या तोंडून चुकून निघालं म्हणून कळलं. नवऱ्यानं कागदांवर सह्या केल्या, काय करायचं ते सगळं केलं आणि तिला घरी आणलं.

घरी आणखी आवराआवर झालेली होती. छोटे कपडे नव्हते. उसना आणलेला पाळणा ज्यांचा त्यांना परत गेला होता. पाळण्याच्या जागी सासूबाईंनी कपड्यांची घडवंची ठेवली होती, आणि ती अशी काही जुनीच तिथली असल्यासारखी उभी होती की विचारायची सोय नाही. ह्या सगळ्याला घरात एकच नाव होतं, 'ते'. 'ते झाल्यापासून तिचं जेवण कमी झालंय.' 'ते व्हायच्या आधी आपण गेलो होतो बघ.' तिची आई फोनवर गुडघेदुखीबद्दल बोलायची आणि मध्येच गप्प व्हायची. नवरा घरातले नळ दुरुस्त करत सुटला. जे गळत नव्हते तेसुद्धा.

आणि धाकटीला काही वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, चिमटा काढला तरी तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. भाजी करपली की वास यायचा, पण उठावंसं वाटायचं नाही. कुणी काही म्हटलं की ती 'बरं' म्हणायची. लोकांना ते फार आवडलं. किती सावरली पोरगी, म्हणायला लागले.

कामावर परतली, तेव्हा खणातला 'स्टिल' च्या आसपासचा गठ्ठा तिथं नव्हता. तो शेजारच्या टेबलावर टाचणीताईंकडे गेला होता. ह्या बाई कार्डं जुळवताना ओठांत टाचण्या धरून बोलायच्या, म्हणून टाचणीताई. त्यांनी त्या दिवशी टाचण्या तोंडातून काढल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, परत टाचण्या तोंडात घातल्या. गठ्ठ्याबद्दल कुणी बोललं नाही. काकांच्या पद्धतीला धक्का लागलेला होता आणि तो काकांनीच लावला होता. धाकटीनं ते पाहिलं. बरं, असं स्वतःशी म्हणून दुसरा गठ्ठा ओढला.

असे किती तरी महिने गेले. कोश छापायला निघाला. शेवटच्या पानांवरून प्रत्येकानं आपापल्या शब्दांपुरती नजर फिरवायची आणि संध्याकाळी छापखान्याचा माणूस येऊन पानं घेऊन जाणार, असं ठरलेलं. नेमकी त्या दिवशी टाचणीताईंची अक्कलदाढ सुजली. त्यांनी फोन करून सांगितलं की माझी पानं कुणीतरी बघा, आणि बोलवत नाही म्हणून फोन ठेवून दिला. पानं कुणाला द्यायची हे सांगायचं राहिलं. शिपायानं ती सरळ शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली.

धाकटी वाचायला लागली. 'स्टिल' आला. अजून. तरीही. आणखी. लिफ्टची दोन्ही वाक्यं जागच्या जागी होती. न हलणारा, पाणी, चित्र, गप्प करणं, भट्टी. टाचणीताईंनी काम चोख केलं होतं. त्यानंतर 'स्टिलनेस'. त्यानंतर 'स्टिल्ट'.

तिनं पान मागं घेतलं. 'स्टिल' संपत होता तिथं बोट ठेवलं. बोटाच्या लगेच खाली 'स्टिलनेस' होता. मध्ये काही नव्हतं. आधी वाटलं छापताना सुटलं असेल, म्हणून उठून खण उघडला आणि कार्डं चाळली. कार्डही नव्हतं. कुणीतरी ते काढून टाकलं होतं.

ती पान घेऊन तिसऱ्या खोलीत गेली.

"काका, इथं एक शब्द राहिलाय."

काकांनी पानाकडे पाहिलंच नाही. त्यावरून तिला काय ते कळलं.

"जागा पुरली नाही," ते म्हणाले.

"स्टिल्टला पुरली."

"काय?"

"बांबूचे उंच पाय बांधून चालतात, तो स्टिल्ट. त्याला चार ओळी दिल्यात. एवढं कोण चालतं हो बांबूवर?"

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत न घालता हातात धरून ठेवला. "मीच काढायला सांगितला," ते म्हणाले. "टाचणीची चूक नाही. ती आधी नकोच म्हणत होती. मी म्हटलं, पोरगी इथं रोज बसते. तिच्या हाताखालून पानं जाणार, दहा वेळा डोळ्यांसमोर येणार. एका शब्दावाचून कुणाचं काय अडतंय?"

"तुम्ही शिव्यासुद्धा काढल्या नाहीत."

"नाही काढल्या."

"मग हा का काढला?"

"तुझ्यासाठी गं."

धाकटी समोरच्या खुर्चीत बसली. राग येतोय हे तिला जरा उशिरा कळलं, कारण बऱ्याच दिवसांत आला नव्हता. आवाज मात्र नेहमीचाच निघाला. "माझ्यासाठी घरात कुणी बोलत नाही, काका. माझ्यासाठी कपडे गेले, पाळणा गेला. दवाखान्यात मला दाखवलीसुद्धा नाही, तेही माझ्यासाठीच. आता तुमच्या एवढ्या मोठ्या पुस्तकातही नसेल, तर ती झालीच नव्हती असं समजायचं का मी? दुसऱ्या कुणाला असं झालं आणि तिनं शब्द काय आहे म्हणून उघडून बघितलं, तर तिनं काय समजायचं?"

काकांनी पान जवळ ओढलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पण आता पान पुढं सरकवता येणार नाही, पुढची सगळी हलतील. स्टिल्टच्या दोन ओळी कापतो. त्या तुला. एक अर्थाला, एक उदाहरणाला. तुझं जुनं वाक्य आठवतंय मला. ते मी तेव्हाही परत करणार होतो."

"त्यात काही दिसत नाही म्हणून?"

"हं. त्यात कुणीच नाही. नुसती बातमी आहे." मग त्यांना आपण काय मागतोय ते लक्षात आलं असावं. "उदाहरणाशिवाय दिलं तरी चालेल. ह्या एका शब्दापुरतं मी चालवून घेईन."

"उदाहरण पाहिजे," धाकटी म्हणाली. "मी लिहिते."

ती टेबलाशी आली, कोरं कार्ड घेतलं. काकांचं म्हणणं असं असायचं की उदाहरण वाचल्यावर डोळ्यांना काहीतरी दिसलं पाहिजे, मग ती छत्री असो नाहीतर फुटका कप. असली शेकडो वाक्यं तिनं आजवर लिहिली होती. न पाहिलेल्या खलाशांच्या पेट्या, न भेटलेल्या म्हाताऱ्यांच्या काठ्या, कसं सगळं बिनबोभाट सुचायचं. आता तिनं लिहिलं, 'तिला मृत मूल झाले.' खोडलं. 'आईने मृत जन्मलेल्या बाळाला...' इथं पेन थांबलं. आईनं काय? आईनं काहीच केलं नव्हतं. आई झोपली होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं गुलाबी दुपटं घातलं असतं, मिटलेली मूठ घातली असती आणि मोकळी झाली असती. पण ही तिची मुलगी होती, आणि तिच्याबद्दल मनचं काही लिहायला हात धजेना. आणि खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. एक गोष्टसुद्धा ठाऊक नव्हती. खाली दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं आणि ती कार्डाकडे बघत बसली होती.

मग तिनं नवऱ्याला फोन लावला.

"काय गं? बरं नाहीये का?" तो म्हणाला. मागं मोटर घरघरत होती.

"बरीये. एक विचारायचं होतं." तिला वाटलं होतं की शब्द सापडणार नाहीत, पण ते सरळ आले. "तिला केस होते का?"

'कुणाला?' असं त्यानं विचारलं नाही. "बंद कर रे जरा ते," असं तो कुणाला तरी म्हणाला आणि मोटर थांबली. जिना उतरल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. नंतर नुसता त्याचा श्वास.

"होते," तो म्हणाला. "खूप होते. काळे. ओले होते ना, म्हणून कपाळावर चिकटले होते. डोळ्यांवर येत होते. मी असे बाजूला केले."

"तू हात लावलास?"

"घेतली होती मी तिला."

"किती वेळ?"

"बराच. नर्स दोनदा आली, द्या म्हणाली. मी म्हटलं देतो. मला वाटत होतं तू उठशील." तो थांबला. "आई म्हणाली, हिच्यासमोर विषय काढू नकोस. डॉक्टर पण तेच म्हणाले. मग मी म्हटलं, ती विचारेल तेव्हा सांगू. तू विचारलंच नाहीस."

"मला वाटलं तुला नको असेल."

"मला?" तो म्हणाला. एवढा दांडगा माणूस, कुठल्या तरी परक्या इमारतीच्या मागच्या दारात उभा राहून रडत होता, आणि ती इकडे फोन कानाला घट्ट लावून ऐकत होती. तिला दुखलं. कुठं दुखतंय हे सांगता आलं नसतं, पण दुखणं तिचं स्वतःचं होतं, त्यात शंका नव्हती.

"किती वाजता सुटशील?" तिनं विचारलं.

"आत्ता येतो."

फोन ठेवून तिनं लिहिलं. खोडावं लागलं नाही. 'मृत जन्मलेल्या मुलीच्या कपाळावरचे ओले केस वडिलांनी हळूच बोटाने बाजूला केले.' ते कार्ड तिनं काकांच्या पुढ्यात ठेवलं.

काकांनी वाचलं. एकदा वाचून झालं असावं, तरी त्यांची नजर वर येईना. मग त्यांनी घसा साफ केला, कारण काहीही झालं तरी ते संपादक होते. "ओळीत बसत नाही," ते म्हणाले. "एखादा शब्द कमी करावा लागेल. 'ओले' काढू?"

"नाही. 'ओले' राहू दे. 'हळूच' काढा."

"'हळूच' चांगला आहे."

"तो नसला तरी कळतं. असे केस कुणी दुसरं कसं बाजूला करणार?"

काकांनी 'हळूच' वर रेघ मारली, ओळ मोजली आणि मान हलवली. संगणकावर बसणाऱ्या बाईंना बोलावून त्यांनी स्वतः उभं राहून ती दोन ओळींची जागा करून घेतली. बांबूवर चालणाऱ्यांचं थोडं नुकसान झालं, पण कुणी तक्रार करायला येईल असं वाटत नव्हतं. छापखान्याचा माणूस आला तेव्हा पानं बांधून तयार होती.

धाकटी खाली उतरली, तेव्हा नवरा टायरच्या दुकानाशेजारी उभा होता. कामाच्याच कपड्यांत आला होता, मनगटापर्यंत ग्रीस. तिला बघून त्यानं हात पँटला पुसले, त्यानं ते आणखीच काळे झाले. दोघं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"केवढी होती?" तिनं विचारलं.

त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि हवेत एक अंतर धरलं. जरा विचार करून एक हात बोटभर आत घेतला. "एवढी," तो म्हणाला. "इकडे डोकं होतं."

तिनं त्या दोन हातांच्या मधल्या जागेकडे बघितलं. ती बघत राहिली आणि त्यानंही हात खाली घेतले नाहीत. दुकानातला माणूस शटर ओढायला आला, त्यांच्याकडे पाहून परत आत गेला. धाकटीनं आपला हात त्या जागेच्या खाली धरला, तळवा वर करून.

"जड होती?"

"होती," तो म्हणाला.